कोतात्सुखालचं विरजण

खाली टॅक्सी येऊन उभी होती, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता, बाबा बॅगा तिसऱ्यांदा मोजत होते, आणि आई मात्र गच्चीवर गेली होती. कशाला, तर एक सुती रुमाल आणायला. आदल्या दिवशी तिने तो दह्यात बुडवून सावलीत वाळत घातला होता आणि तो वाळून पापडासारखा कडक झाला होता. तो तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, माझ्या साड्यांच्या घड्यांत सारला आणि म्हणाली, "कोमट दुधात टाक, झाकून ठेव, हलवू नकोस. तिकडे बाकी काय मिळेल न मिळेल, दही तरी घरचं खा."

बाबा म्हणाले, "तीन वर्षं तर आहेत. डोळे मिटून उघडेपर्यंत जातील." माझ्या नोकरीचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली होती, "परत आलीस की छप्पन मिळतील." मी हडपसरच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते. इंजेक्शनच्या बाटल्यांत जंतू शिरलेत का, हे बघायचं माझं काम. सहा वर्षं केलं. राजीनामा दिला त्या दिवशी माझा पांढरा कोट घरी आणून धुतला, इस्त्री केला आणि दुसऱ्या दिवशी परत देऊन आले. रडले नाही. मला राग आला होता, आणि रागात मला रडू येत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागेल.

तिकडे राहिलेल्यांना वाटतं, ही विमानात बसली आणि सुटली. आणि माझ्यासारख्या ज्या नवऱ्याच्या पोस्टिंगमागे बॅग उचलून आल्या, त्यांना मी वेगळं काय सांगू? त्यांनीही कधी ना कधी टोकियोतल्या एखाद्या दाराच्या आत उभं राहून बेल संपायची वाट बघितलेली असणार.

श्रीकांत, माझा नवरा, मुंबईच्या एका बँकेच्या टोकियो शाखेत लागला होता. बँकेने निशी-कसाईला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या दिल्या होत्या. आज निशी-कसाईला कढीपत्त्यापासून उकडीच्या तांदळाच्या पिठीपर्यंत सगळं मिळतं, स्टेशनवर उतरलं की चार मराठी वाक्यं कानावर पडतात. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तसं काही नव्हतं. श्रीकांत सकाळी साडेसातला तोझाई लाईनच्या गर्दीत शिरायचा, परतायचा तेव्हा मी जेवून घेतलेलं असायचं. मधले सगळे तास माझे. पासपोर्टवर माझ्या व्हिसाचं नाव होतं 'डिपेंडंट'. पहिल्या पगारापासून बाबांच्या हातात पैसे ठेवणारी मी, आणि एका शिक्क्याने अवलंबून झाले. काम करायला बंदी, असं श्रीकांतने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मीही पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मी कचरा चुकवला. गोमी, म्हणजे कचरा, हे इथे शास्त्र आहे. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, वार ठरलेले. मी सगळं एकाच पिशवीत घालून ठेवून आले आणि संध्याकाळी ती पिशवी जशीच्या तशी आमच्या दाराबाहेर, वर एक छापील कागद चिकटवलेला. मला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, आणि कचऱ्यावरचा कागद वाचता येत नाही. त्यानंतर मी बेलला घाबरायला लागले. बेल वाजली की गॅस बंद करायचे आणि ओट्याशी श्वास धरून उभी राहायचे. बाहेरचा माणूस दोनदा वाजवायचा, कधी तीनदा. पावलं जिन्यावरून उतरून गेली की मग गॅस परत लावायचे.

त्या घरात माझं ऐकणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे दही. आईचा रुमाल कोमट दुधात टाकला, दुसऱ्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशी खालून जरा घट्ट, आणि चौथ्यांदा लावलं तेव्हा कवडीसारखं दही. मी खुर्चीत बसून वाटीभर नुसतंच खाल्लं. त्यानंतर रोज लावायचे. थंडी पडल्यावर लागेना, तेव्हा कोतात्सुखाली ठेवायला लागले. कोतात्सु म्हणजे बुटकं टेबल, खाली हीटर आणि वरून चारी बाजूंनी रजई. आम्ही पाय घालून बसायचो तिथेच एका कोपऱ्यात माझी दह्याची गंजी.

बिअर श्रीकांतने आणली. म्हणजे बिअर करायचा संच. एका मोठ्या दुकानातून तो एक पांढरी झाकणाची बादली, काकवीसारख्या दाट माल्टच्या पाकाचा डबा आणि यीस्टची इवलीशी पुडी घेऊन आला. आमच्या दोन्ही घरांत दारूचं नावसुद्धा कोणी काढत नसे. त्यामुळे पुण्याला पाठवायच्या पत्रांत ही बादली कधीच आली नाही. ऑफिसात त्याचे वरिष्ठ ओकादा-सान बिअरचे फार शौकीन. संध्याकाळी सगळे मिळून प्यायला जायचे, आणि श्रीकांत ग्लास हातात धरून नुसता हसत बसायचा, बोलायला विषय नाही. हा विषय त्याला सापडला. घरी बिअर करतोय म्हणाला तर ओकादा-सान पहिल्यांदा त्याच्याकडे वळून बसले म्हणे. तो इतक्या आनंदात मला हे सांगत होता की मी ओटा रिकामा करून दिला.

पण करण्याची पद्धत बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. नवी कोरी प्लॅस्टिकची बादली त्याने तारेच्या घासणीने घासली, कढई घासावी तशी. त्याला वाटलं, लखलखीत झाली. अहो, त्या प्रत्येक ओरखड्यात जंतूंना राहायला घर झालं! स्वच्छ दिसणं वेगळं आणि निर्जंतुक असणं वेगळं, हे शिकवण्यात लॅबमध्ये माझी सहा वर्षं गेली होती. मग त्याने पाक गरम पाण्यात ढवळला, माझ्या डावाने. ज्या डावाने मी सकाळी दही वाढलं होतं आणि नळाखाली धरून अडकवलं होतं, त्याच डावाने. ओट्यावरच्या फडक्याने बादली आतून पुसली. वरून यीस्टची पुडी कोरडीच भुरभुरली, झाकण लावलं आणि बादली ठेवली कुठे, तर कोतात्सुखाली, गंजीला खेटून. "ऊब आहे ना, दोघांनाही मानवेल," म्हणाला.

दहा दिवसांनी झाकण काढलं. मी पीत नाही, पण वास घेतला. एका क्षणात कळलं. लॅक्टोबॅसिलस. माझं दही त्याच्या बिअरमध्ये शिरलं होतं. त्याची पुडी बिचारी जुनी, सुस्त, जागी व्हायलाच दोन दिवस घेणारी. तेवढ्यात माझी फौज आत जाऊन पंगतीला बसली होती. श्रीकांतने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पाक खराब असेल म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं.

तेव्हा मी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी नाही सांगितलं. गंजी उचलून दुसरीकडेही ठेवली नाही. दुसऱ्या बादलीलाही त्याने तेच सगळं केलं आणि मी समोर बसून वाटाणे सोलत बघत राहिले. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. सगळ्या टोकियोत मला कळणारी एक गोष्ट घडत होती, आणि ती फक्त मलाच कळत होती.

दुसरी बिअर त्याने आंबट वासासकट बाटल्यांत भरली, मुरेल म्हणून, आणि गाद्यांच्या कपाटात ठेवली. एके दुपारी मी एकटी असताना त्यातली एक बाटली फुटली. केवढा आवाज! काचा, फेस, आमच्या गाद्या भिजलेल्या, आणि घरभर आंबूस वास. पाचव्या मिनिटाला बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई असणार, काय झालं, लागलं का, हेच विचारायला आल्या असणार. मी फुटक्या काचांमध्ये चवड्यांवर उभी राहिले आणि दार उघडलं नाही. त्या बराच वेळ थांबल्या, दार हलकेच ठोठावलं, काहीतरी बोलल्या. मग गेल्या. मी तिथेच बसून काचा वेचल्या. त्या दिवशी मात्र रडले.

त्यानंतरच्या रविवारी मी अंघोळ करून बाहेर आले तर माझी गंजी ओट्यावर पालथी घातलेली. घासून पुसून लख्ख.

"दही कुठंय?"

"टाकलं. ओकादा-सान म्हणाले, घरात दही लागत असेल तर बिअर आंबणारच. मिळतं की गं इथे विकत."

त्याला काय टाकलं याची कल्पनाही नव्हती. दही म्हणजे दही. त्याच्या लेखी तो सिंकमध्ये ओतलेला पावशेर ऐवज होता. रुमाल तर केव्हाच धुऊन टाकलेला, म्हणजे गच्चीवरून आलेलं ते संपलं होतं. मी ओरडेन असं त्याला वाटलं असावं. मी शांतपणे म्हणाले, "मला पहिल्या बादलीपासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"दह्यानेच नासतेय ते. वास घेतला तेव्हाच कळलं. दोन्ही वेळा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

भांडायला तो तोंड उघडेल म्हणून मी पदर खोचूनच उभी होते. तो भांडला नाही. कोतात्सुशी बसला आणि खाली बघत म्हणाला की ऑफिसच्या साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या पार्टीला मी घरची बिअर आणतो, असं सगळ्यांना सांगून बसलोय. मग हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. दुपारचा डबा तो रोज एकटा खातो. बैठकीत सगळे हसले की अर्धा क्षण उशिरा हसतो. ही बिअर सोडली तर त्याच्याशी कोणी कामापलीकडे बोलत नाही. मला तोवर वाटत होतं, मी कोंडलेली आहे आणि हा रोज सुटतो. तो फक्त ट्रेनने जाऊन दुसऱ्या खोलीत कोंडून घ्यायचा. माझा राग गेला नाही, पण जरा खाली बसला.

"बाजूला हो," मी म्हणाले. "ही बादली फेकून दे आणि नवी आण. घासणीला हात लावशील तर याद राख."

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन दार उघडून बाहेर पडले. औषधाच्या दुकानात गेले. बाळाच्या दुधाच्या बाटल्या निर्जंतुक करायचं औषध मिळतं, त्या बाटलीवर बाळाचं चित्र होतं म्हणून मला ओळखता आलं. दुकानातल्या बाईंनी माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे बघितलं आणि वाकून अभिनंदन केलं. मीही वाकून आभार मानले. काय करणार, बिअरच्या बादलीचं जपानी मला येत नव्हतं. आई तर दर पत्रात गोड बातमी विचारायची. तिला कळलं असतं की लेकीने बाटल्या धुवायचं औषध कशासाठी आणलंय, तर!

श्रीकांतचा जुना पांढरा शर्ट मी मागची बाजू पुढे करून घातला, कोटासारखा. डाव, झाकण, बाटल्या, सगळं आधी धुतलं, मग औषधात बुडवलं. फडकं मोरीत टाकून दिलं, काहीही पुसायचं नाही, निथळू द्यायचं. आणि यीस्ट अशी थेट भुरभुरायची नाही. एका काचेच्या बरणीत थोडासा पाक पाण्यात उकळला, हाताला गार लागेपर्यंत थांबले, त्यात नवी पुडी सोडली आणि तोंडावर उकळून वाळवलेलं कापड बांधलं. याला स्टार्टर म्हणतात. म्हणजे विरजणच की ते. मूठभर सैन्य मैदानात पाठवण्याआधी घरात पोसून हजाराचं करायचं. दर तासाला बरणी हलवायचे. आईने दही हलवू नकोस म्हणून सांगितलं होतं, याला हलवत राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी बरणीत पांढरा फेस चढला आणि पावाच्या भट्टीसारखा स्वच्छ वास सुटला. मी घड्याळाकडे बघितलं तर चार वाजून गेले होते आणि मी जेवायची विसरले होते. टोकियोत आल्यापासून पहिल्यांदा दुपार कधी गेली ते कळलं नव्हतं. पार्टीपर्यंतच्या त्या दीड महिन्यात दही घरात आलंच नाही.

साकुराच्या पार्टीला नदीकाठच्या बागेत निळ्या ताडपत्र्या अंथरल्या होत्या. बायका एका बाजूला, मी त्यांच्यात गुडघे दुमडून, हसरा चेहरा करून. ओकादा-साननी आमच्या बाटलीतला पहिला घोट घेतला, ग्लास उजेडाला धरला, दुसरा घोट घेतला आणि श्रीकांतला काहीतरी विचारलं. ह्या वेळी वेगळं काय केलंत, हेच असणार. श्रीकांत हसला आणि म्हणाला, नशीब. इंग्रजीतच म्हणाला, म्हणून मला कळलं.

नशीब! मी उठून उभी राहिले. पायाला मुंग्या आलेल्या. पुस्तकातून पाठ केलेलं एकच वाक्य मला पूर्ण येत होतं, त्यात क्रियापद बदललं. "वाताशि-गा त्सुकुरिमाशिता." मी केली. ओकादा-साननी मला पुढे बोलावलं आणि इंग्रजीत विचारलं, कुठे शिकलात. मी लॅबचं सांगितलं, स्टार्टरचं सांगितलं, घासणीचंही सांगितलं. ते पोट धरून हसले. श्रीकांतची मान खाली.

मग त्यांनी आवाज उतरवला. म्हणाले, बिअर उत्तम आहे, पण हिच्यात अल्कोहोल चारपाच टक्के तरी आहे. या देशात घरी एक टक्क्यापर्यंतच चालतं, त्यावर गेलं की गुन्हा. तुमच्या संचाच्या कागदावर ठळक लिहिलेलं असतं, वाचलं नाहीत? आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तो कागद आम्ही पाटासारखा बादलीखाली घातला होता. ओकादा-साननी ग्लास रिकामा केला आणि म्हणाले, मी काही प्यायलो नाही. पण पुन्हा करू नका. मला या देशात जमलेली एकमेव गोष्ट, आणि ती बेकायदा निघाली. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, मिसेस काम का करत नाहीत? श्रीकांत म्हणाला, व्हिसा नाही. ओकादा-सान म्हणाले, एक फॉर्म भरून परवानगी मिळते की, आठवड्याला ठरावीक तास. बँकेतून तुम्हाला दिला असेल.

घरी जाताना स्टेशनवर मी विचारलं, "तुझ्याकडे होता फॉर्म?"

"पहिल्या आठवड्यात बरेच कागद दिले होते. त्यात असेलही. तू काम करायचंय असं कधी म्हणालीच नाहीस."

माझंच वाक्य, मलाच परत. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि आम्ही इमिग्रेशनच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.

मला एका बेंतोच्या कारखान्यात बाइतो मिळाला, अर्धवेळ काम. जेवणाचे डबे भरायलाही नाही, ट्रे धुवायला. रबरी बूट, डोक्याला जाळी, आठ बायका, सगळ्या माझ्याहून वयस्कर. वर्षभराने तिथल्या लोकांना कळलं की ही ट्रे धुतल्यावर का वास घेते, आणि मला तपासणीच्या खोलीत नेलं. तिथून पुढे कारखाने बदलले, काम तेच राहिलं. तीन वर्षांची तीस होत आली. श्रीकांत बँक सोडून तोयोसुच्या आयटी कंपनीत गेला, मुलगी झाली, ती माझ्या मराठीला जपानीत उत्तर देते. सुटले, असं मी म्हणणार नाही. अजूनही सरकारी पाकीट आलं की आधी मुलीकडून वाचून घेते. बाबा गेले तेव्हा मी उशिरा पोचले, घर माणसांनी भरलेलं होतं, त्याचं ओझं काही कमी झालेलं नाही.

मधे एकदा पुण्याला गेले होते तेव्हा जेवताना आईला म्हणाले, तू दिलेलं ते विरजण ह्याने ओतून टाकलं गं. इतकी वर्षं तिला सांगितलं नव्हतं. आई ताक ओतता ओतता थांबली. "कुठलं? तो रुमाल? अगं, ते आपलं कुठे होतं! तुझ्या गडबडीत आपलं दही आदल्याच दिवशी नासलं होतं. मी शेजारच्या काकूंकडून वाटीभर आणलं. त्यांचं तरी त्यांचं कुठे, त्यांनी वरच्या मजल्यावरून आणलेलं." आणि आता तर ती डेअरीचं पाकीटच आणते. मी ज्याच्यासाठी नवऱ्यावर इतकी वर्षं राग धरला, ते आमच्या घरचं नव्हतंच. मला हसू आवरेना, आणि मग डोळेही. आई म्हणाली, "रडतेस काय वेड्यासारखी, विरजण काय कोणाच्या मालकीचं असतं?"

घर म्हणजे काय, असं मला आता विचारलंत तर मी पुण्याचा पत्ता सांगणार नाही. जिथे नासलं तर वाटी घेऊन कोणाची तरी बेल दाबता येते, ते घर. ती बेल मी कितीतरी दिवस दाबली नाही आणि माझी वाजली तेव्हा उघडली नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंची तर माफीही मागायची राहिली, त्या पुढच्याच वर्षी घर बदलून गेल्या.

गेल्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात समोरच्या बिल्डिंगमधली नवी मुलगी, हातात स्टीलची वाटी. दोन महिने झालेत येऊन. "काकू, विरजण आहे का तुमच्याकडे? माझं लागतच नाहीये." मी तिला आत घेतलं. माझं विरजण आता इथल्याच दुकानातल्या दह्याचं, पण चांगलं कवडी लागतं. तिकडे काय करायचीस, विचारलं, तर म्हणाली बायोटेकमध्ये होते, सोडलं, काकू, तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे. आणि इथे डिपेंडंटला काम करता येत नाही ना.

मी वाटी भरली, वरून झाकण ठेवलं आणि तिच्या हातात दिली.

"हलवू नकोस," मी म्हणाले. "आणि वाटी परत द्यायला येशील तेव्हा पासपोर्ट घेऊन ये."